एकवीस नंबरचं पान

महाल वस्तीत रुपराव घाटोळ्यांचं वाचनालय होतं, आणि रुपरावांनी जन्मात एक पुस्तक पुरं वाचलं नव्हतं. हसू नका. हलवाई काय दिवसभर पेढे खात बसतो? रुपराव चौथी पास. दोन पानं वाचली की त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळायचं आणि तिसऱ्या पानाला झोप यायची. पण कोणत्या घरात काय चालतं ते त्यांना बरोबर ठाऊक. वकिलाच्या आईला देवादिकांचं, कचेरीतल्या बाबूला खुनाचं, नव्या सुनांना रडवणारं. "हे न्या जी, एका बैठकीत संपते," असं ते अशा भरवशानं सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, गड्यानं कालच वाचून हातावेगळं केलं.

या वाचनालयाची एक रीत होती. माणूस वर्षभरात शंभर पुस्तकं नेतो, त्यातलं कोणतं वाचलं नि कोणतं राहिलं हे कोणाच्या ध्यानात राहणार? म्हणून प्रत्येक वाचकाची आपापली एक खूण. पुस्तक घरी नेलं की एकवीस नंबरचं पान उघडायचं आणि कोपऱ्यात खूण करायची. पुढच्या वेळी कपाटातून पुस्तक काढलं की आधी तेच पान पाहायचं. आपली खूण दिसली तर पुस्तक परत जागेवर. कोणाचा त्रिशूळ, कोणाची मासोळी, कोणाचं नुसतं टिंब. एकवीसच का, हे कोणालाच माहीत नव्हतं. पुस्तकावर काही लिहू नये अशी पाटी रुपरावांनी लावली होती, पण एकवीस नंबरच्या पानाला ती पाटी लागू नव्हती. हाताला इतकी सवय जडली होती की लोक डोकं न वापरता खूण करून मोकळे व्हायचे. इथंच घात झाला.

कारण दुकानात मागं एक कपाट होतं आणि त्याला हिरवा पडदा होता. आता लपवून काय फायदा? त्यात पिवळी पुस्तकं होती. वेष्टनावरच्या बाईचं चित्र पाहून रुपराव स्वतःच मान फिरवायचे. ती पुस्तकं वर्तमानपत्रात गुंडाळून जायची आणि गुंडाळूनच परत यायची. "ज्यानं त्यानं आपल्या घरात दार लावून काय वाचावं, ते सांगणारा मी कोण? मी काय कोणाच्या उरावर बसून वाचून दाखवतो?" असं रुपराव म्हणायचे. म्हणजे मनातल्या मनात म्हणायचे. चारचौघांत त्या कपाटाचं नाव काढायची त्यांची छाती नव्हती. पडद्यामागच्या प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर एक लाल चिठ्ठी, चुकून पुढच्या कपाटात जाऊ नये म्हणून. चिठ्ठी कोणाला लावायची हे ते नाव आणि चित्र पाहून ठरवत. दोन वर्षांपूर्वी एक पुस्तक आलं, कोण्या डॉक्टरानं नवरा-बायकोसाठी लिहिलेलं. नावातच 'कामजीवन' हा शब्द. रुपरावांनी तो वाचला, इकडंतिकडं पाहिलं आणि खळ लावून लाल चिठ्ठी चिकटवून टाकली. आत काय आहे ते कोण पाहते बाप्पा!

रुपराव आणि त्यांची बायको रुखमाबाई, दोघंही निर्मळ मंडळाचे. महालात मंडळाची तीस-चाळीस घरं, टिनाच्या छपराचं एक प्रार्थनाघर आणि लहान मुलांची शाळा. मंडळाचे नेम दोनच: दारूला शिवायचं नाही आणि सभेत खोटं बोलायचं नाही. दर एकादशीला सभा. ज्याला वाटेल त्यानं उठायचं, आपली चूक सांगायची आणि शेवटी "चुकलं" म्हणायचं. मग सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, "धुतलं!" झालं. त्यानंतर ती गोष्ट कोणी उकरून काढायची नाही. आणि सगळ्यात मोठा कायदा हा की बोट आपल्याकडंच. दुसऱ्याची चूक सांगायची नाही.

हा कायदा नानाजींनी केला होता. नानाजी सत्तरीचे, एकेकाळचे जिनिंगमधले मुकादम. दहा वर्षांपूर्वी रुपराव दारूत गळ्यापर्यंत बुडाले होते, तेव्हा हा माणूस अकरा दिवस त्यांच्या ओसरीवर बसून राहिला. त्यांची ओकारी स्वतःच्या हातानं पुसली, शिव्या खाल्ल्या आणि बाराव्या दिवशी त्यांना आंघोळ घालून सभेत नेलं. असा माणूस. त्याला नावं ठेवणाऱ्याची जीभ झडो. ही गोष्ट सांगताना हेच तर अवघड होऊन बसते. कोणावर तरी पोटभर राग काढता आला असता तर बरं झालं असतं.

त्या वर्षी फाल्गुनात रुखमाबाई दुकान झाडायला आली. तिला अक्षर येत नव्हतं, पण चित्र वाचायला शाळा कुठं लागते? पडदा धुवायला काढला, एका पुस्तकाचा कागद फाटला आणि आतलं तिनं पाहिलं. नवऱ्याला एक शब्द बोलली नाही. एकादशीला सभेत उठली, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "ज्या भाकरीवर मी जगून राहिली, ते भाकर कशाची हाय हे मी कधी पाह्यलंच नाही. आमच्या दुकानात घाण पुस्तकं हायेत. माझ्या घरातलं पाप ते माझंच. चुकलं."

"धुतलं!" लोक म्हणाले, आणि सगळ्यांच्या माना रुपरावांकडं वळल्या. रुपरावांना वाटलं, जमीन दुभंगावी. पण बायकोवर कोणत्या तोंडानं चिडणार? जिनं दारूच्या दिवसांत मार खाल्ला, उपास काढले, ती आज आपलीच चूक म्हणून उभी होती. त्यांनीही उठून "चुकलं" म्हटलं. दोघातिघांनी जाऊन लाल चिठ्ठीची सगळी पुस्तकं दोन पोत्यांत भरून आणली. नानाजी म्हणाले, "अंगणात न्या न् जाळून टाका." तेवढ्यावर सगळं निभावलं असतं.

पण शाळेच्या मोठ्या बाई यमुताई जवळच बसल्या होत्या. पोत्यातून एक पुस्तक घरंगळलं ते त्यांनी उचललं. यमुताई वाचनालयाच्या पंधरा वर्षांच्या सभासद. हात सवयीनं गेला आणि एकवीस नंबरचं पान उघडलं.

"अगं बाई!" यमुताई म्हणाल्या. "ह्या तर आपल्याच लोकांच्या खुणा!"

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. तोंडातून निघून गेलं, एवढंच. मग दुसरं पुस्तक उघडलं, तिसरं उघडलं. त्रिशूळ, मासोळी, टिंब, चांदणी. आणि डॉक्टरच्या त्या पुस्तकात एकच खूण होती, लाल पेन्सिलीनं काढलेलं पाच पाकळ्यांचं फूल.

ते फूल पाहून बायकांच्या बाजूला एकदम चिडीचूप झालं. मंडळाच्या शाळेत तिसरीला शिकवणाऱ्या प्रेमलताबाई ज्या मुलाचं अक्षर चांगलं येईल त्याच्या वहीवर असंच फूल काढायच्या. घराघरांतल्या वह्यांवर ते फूल होतं. आयांनी ते देवापुढं मांडून ठेवलं होतं. प्रेमलता तिसऱ्या ओळीत बसली होती. तिच्या चेहऱ्याचा रंग उडालेला रुपरावांना इतक्या लांबून दिसला. पुरुषांत तिचा नवरा कृष्णकांत बसला होता, सरकारी कचेरीतला कारकून, शांत माणूस, नानाजींचा पक्का भक्त. त्यानं मान वर केली नाही.

मंडळाचे चिटणीस मधुकरराव म्हणाले, "रुपरावले विचारा ना जी. त्याले सगळ्यांच्या खुणा मालूम आहेत."

"नाही," नानाजी म्हणाले. "चहाडी नाही चालत आपल्या घरात. ज्याची खूण आहे तो आपल्या तोंडानं सांगेल. न् तोवर मी पाण्याशिवाय काही घेणार नाही. चूक माझी आहे. माझ्या शिकवणीतच काही कमी राहिलं असंल."

घ्या. सत्तर वर्षांचा म्हातारा, छातीचा दुखणाईत, प्रार्थनाघरात चटई टाकून पडून राहिला. कोणाला ओरडला नाही, कोणाला धमकी दिली नाही. त्यानं लाठ्या चालवल्या असत्या तर माणूस पळून तरी गेला असता. नानाजींच्या उपासापुढून पळून कुठं जाता?

आता सभा रोजच भरायला लागली. दुसऱ्याच दिवशी सगळ्यांत आधी कोण उठलं असेल? मधुकरराव! त्यांचा त्रिशूळ होता तीन पुस्तकांत, आणि तीही कोणती, तर ज्यांचं वेष्टन पाहून रुखमाबाईला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं ती. मधुकरराव ढसढसा रडले, "चुकलं" म्हणाले, लोकांनी "धुतलं" म्हटलं, आणि बाहेर पडताना त्यांच्या पाठीवर थापा पडल्या. काय हिंमत आहे गड्याची! मग मासोळी उठली, टिंब उठलं, चांदणी उठली. संध्याकाळपर्यंत पुरुषांत नुसती चढाओढ लागली. शेवटच्या दोघांच्या वेळी तर लोक गालातल्या गालात हसत होते आणि त्यांच्या बायका पदराआड, "मेल्याले लाज नाही," असं म्हणत त्यांच्यासाठी भाकरी थापायला निघून गेल्या. नऊ पुरुष धुऊन निघाले. फूल तेवढं राहिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी, उन्हानं गल्ली ओस पडली असताना, प्रेमलता दुकानात आली. बत्तीस वर्षांची बाई, पण चेहरा तीन दिवसांत पार उतरलेला.

"रुपरावभाऊ, मी काय करू जी?"

"काही करू नका, बाई," रुपराव म्हणाले. "कोणी तुमचं नाव नाही घेतलं. घेणारही नाही. कायदाच आहे तसा."

"नाव नाही घेत कोणी. पण आज वर्गात सात मुलं होती. बाकीच्या आया म्हणतात, पोराले ताप आहे. यमुताईंनी मला जवळ घेतलं, म्हणाल्या, काही सांगायचं असंल तर मन मोकळं कर. घरी हे तीन दिवसांपासून माझ्याशी बोलून नाही राहिले. ताट वाढलं की जेवतात आणि उठून जातात." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मी खूण काहून केली असंल, सांगा ना? चोरून नेलेलं पुस्तक, चोरून वाचलं, आणि त्याच्यावर आपल्या हातानं खूण! मला आठवतही नाही कधी केली ते. वह्या तपासत होते, पेन्सिल हातात होती."

"सवय असते बाई हाताले."

"लग्नाला सहा वर्षं झाली, भाऊ. सासूबाई दर वर्षी एक नवीन देव सांगतात. मी म्हटलं, देव झाले सगळे, एकदा पुस्तकात तर पाहू. त्यात काहीच वाईट नव्हतं जी. शाळेत विज्ञानाचं पुस्तक असते ना, तसं होतं. त्यात लिहिलं होतं की बाईच्या अंगात…"

"नको बाई!" रुपराव एकदम म्हणाले. दोन्ही हात त्यांनी असे वर केले, जसं कोणी अंगावर पाणी फेकतं आहे. "मले नका सांगू. तुमी मले पोरीसारख्या. असं काही माझ्यापुढं नका बोलू."

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून रुपरावांना आपल्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. पण ऐकायची हिंमत काही झाली नाही. पन्नाशीचा माणूस, मागं कपाटभर नागड्या बाया ठेवून दहा वर्षं धंदा केला, आणि एका लग्न झालेल्या बाईच्या तोंडून डॉक्टरचं बोलणं ऐकायला लाजला! असो.

"मी नानाजींशी बोलतो," ते म्हणाले. "तुमी उठू नका. मी पाहतो काय करायचं ते."

नानाजी चटईवर डोळे मिटून पडले होते. ओठांना पापुद्रे आले होते. उशाशी ती दोन पोती. रुपराव पायाशी बसले आणि त्यांनी सांगितलं, नाव न घेता, की फुलाची खूण आहे ते पुस्तक घाण नाही, डॉक्टरानं लिहिलेलं आहे, मी चुकून त्यात टाकलं.

"तू वाचलं काय गा रुपराव?"

"नाही जी."

"लाल चिठ्ठी कोणं लावली?"

"मीच."

"काहून?"

"नाव पाहून."

"म्हणजे तूच त्याले घाण म्हटलं, न् आता तूच म्हणून राहिला घाण नाही. मी कोणत्या रुपरावचं खरं मानू?"

"तुमी एकदा पाहून घ्या ना जी. दोन पानं पहा फक्त."

नानाजींनी मान हलवली. "मी पाहणार नाही. न् पाह्यलं तरी काय होणार? पुस्तकाचं सोड गा. चांगलं असंल तर जिनं नेलं तिनं उठून म्हणावं, नानाजी, चांगलं आहे. ते लपून काहून बसली? जे लपवावं लागते ते धुवावं लागते." मग त्यांनी रुपरावांचा हात हातात घेतला. म्हाताऱ्याचा हात तापला होता. "मले त्या पोरीले शिक्षा नाही द्यायची रे बाबा. तिच्या मनावरचं ओझं उतरावं, एवढंच पाहिजे मले. तुझं उतरलं होतं ना?"

यावर काय बोलावं? रुपरावांचं खरंच उतरलं होतं. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, नानाजी, तिच्या मनावर ओझं नव्हतंच, ते तुमी ठेवून राहिले. पण हे वाक्य रुपरावांना सुचलं दोन महिन्यांनी, आणि तेव्हा त्याचा काही उपयोग नव्हता.

एक उपाय मात्र त्यांना सुचला. संध्याकाळी सभा भरली तेव्हा ते उठले. सभेत खोटं बोलायचं नव्हतं, म्हणून खरंच सांगायचं त्यांनी ठरवलं होतं. "ज्या पुस्तकावर फुलाची खूण आहे," ते म्हणाले, "त्याले लाल चिठ्ठी मी न वाचता लावली. दोष असंल तर तो माझा आहे, वाचणाऱ्याचा नाही. माझं चुकलं. म्हणून मले असं म्हणायचं आहे की…"

"धुतलं!" सगळे गर्जले.

"थांबा ना जी, माझं संपलं नाही…"

"धुतलं रुपराव, धुतलं! बसा," मधुकरराव प्रेमानं म्हणाले आणि त्यांच्या खांद्याला धरून खाली बसवलं. एकदा धुतलं म्हटल्यावर ती गोष्ट उकरून काढायची नाही, हाच तर कायदा. रुपरावांचा दोष क्षणात निघून गेला आणि फूल जिथल्या तिथं राहिलं.

चौथ्या दिवशी होळी होती. सकाळी डॉक्टर येऊन गेला आणि नाडी धरून म्हणाला की आज पोटात काही गेलं नाही तर मी जबाबदार नाही. ही बातमी तासाभरात चाळीस घरांत गेली. प्रेमलताला कोणीही काही बोललं नाही. नुसत्या बायका तिच्या दारावरून जाताना पावलं हळू करायच्या. सासू देवापुढं बसून मोठमोठ्यानं रडत होती, "एका माणसापायी देवमाणूस चालला." एका माणसापायी म्हणत होती, सुनेपायी म्हणत नव्हती. कायदा पाळत होती.

दिवेलागणीला सभा भरली. बाहेर महालात शिमग्याचा नुसता ऊत. पोट्टे तोंडावर हात मारून बोंबा ठोकत होते, आणि काय त्या शिव्या! आयाबहिणींच्या नावानं, अंगाच्या एकेका भागाचं नाव घेऊन, चौकाचौकांत, म्हाताऱ्याकोताऱ्यांसमोर. वर्षाचा सण आहे, कोण अडवणार? टिनाच्या छपराखाली ते सगळं स्पष्ट ऐकू येत होतं आणि कोणाच्या कपाळावर आठी नव्हती.

प्रेमलता उठली.

"ते फूल माझं आहे," ती म्हणाली. "पुस्तक मी नेलं होतं. चार दिवस घरी होतं. वाचलं."

एवढं बोलून ती उभी राहिली. लोक वाट पाहत होते. बाहेर एक बोंब उठली आणि विरली. रुपरावांना वाटलं, आता ही म्हणणार, चांगलं होतं. म्हण पोरी, म्हणून टाक! आणि त्याच वेळी त्यांना भीतीही वाटली, की ही खरंच तसं म्हणाली तर नानाजी पाणी तोंडाला लावणार नाहीत, आणि म्हातारा मेला तर जन्मभर हिच्या माथी.

नानाजींनी कोपरावर जोर देऊन मान उचलली. आवाज जेमतेम येत होता. "म्हण बेटा. एकच शब्द आहे. भिऊ नको."

तिनं कृष्णकांतकडं पाहिलं. सगळ्यांसमोर, सरळ. त्यानं एकदा जरी वर पाहिलं असतं! तो चटईची काडी नखानं सोलत होता.

"चुकलं," प्रेमलता म्हणाली.

"धुतलं!" छप्पर हादरलं. त्यात रुपरावांचाही आवाज होता. दहा वर्षांची सवय, तोंड आपोआप उघडलं. बायका धावल्या, तिच्या गळ्यात पडल्या, रडल्या, तिची अलाबला घेतली. यमुताईंनी संत्र्याच्या रसाचा पेला तिच्याच हातात दिला आणि तिच्याच हातून नानाजींनी उपास सोडला. नानाजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात खरा होता, त्यात काडीचं कपट नव्हतं. पुस्तकं अंगणात नेऊन पेटवली. सगळीच. डॉक्टरचं पुस्तक जाड होतं, ते उशिरापर्यंत धुमसत राहिलं.

मग? मग काही नाही. मंडळानं तिला काढलं नाही, कोणी टाकून बोललं नाही. यमुताई म्हणाल्या, "काही दिवस आराम कर, तुझ्या वर्गाकडं मी पाहते." सासू म्हणाली, "काही दिवस आईकडं जाऊन ये, मन हलकं होईल." नऊ पुरुष धुतले गेले तेव्हा लोक त्यांच्याकडं पाहून हसले होते. ही धुतली गेली तेव्हा लोक तिच्या नवऱ्याकडं पाहून हसले. एवढाच काय तो फरक. पानठेल्यावर कोणीतरी म्हणालं की कृष्णकांतच्या बायकोला पुस्तकात पाहावं लागते गा, घरी काही शिकायला भेटत नाही. हे कृष्णकांतच्या कानावर गेलं. त्याला पोचावं म्हणूनच ते बोललं गेलं होतं.

धुळवडीनंतर दोन दिवसांनी रुपरावांना कळलं की प्रेमलता सकाळच्या गाडीनं उमरेडला माहेरी चालली आहे. ते सायकल हाणत एसटी स्टँडवर पोचले. काय बोलायचं हे ठरवलं नव्हतं. गाडी लागलेली होती. कृष्णकांत तिची ट्रंक टपावर चढवत होता. स्वतः वर चढून त्यानं दोरी दोनदा आवळून पाहिली. खाली उतरून तिच्यासाठी संत्री घेऊन आला, खिडकीतून दिली, "बाटलीत पाणी आहे ना?" असं विचारलं. ती हो म्हणाली. वाईट माणूस नव्हता हो तो. वाईट असता तर तिनंही चार शब्द सुनावले असते.

रुपराव खिडकीपाशी गेले. "बाई," ते म्हणाले. "कधी परत येणार जी?"

"काही दिवसांनी," प्रेमलता म्हणाली. सगळे जे म्हणत होते तेच. तिच्या आवाजात राग नव्हता, रडणंही नव्हतं. वर्गात हजेरी घेतल्यासारखा आवाज होता. "रुखमाताईंना नमस्कार सांगा, भाऊ. त्यांना म्हणा, मनाला लावून घेऊ नका."

घंटी वाजली. गाडी हलली, वळली आणि फाटकातून बाहेर पडली. ती मागं वळून पाहील म्हणून दोघंही पाहत राहिले. तिनं पाहिलं नाही.

गाडी दिसेनाशी झाली तरी कृष्णकांत जागचा हलेना. मग तो रुपरावांकडं न पाहता म्हणाला, "भाऊ, एक विचारू?"

"विचार गा."

"त्या पुस्तकात होतं तरी काय जी?"

सगळं शहर ज्या पुस्तकाबद्दल बोललं, एक म्हातारा ज्याच्यापायी चार दिवस उपाशी राहिला, एक संसार ज्याच्यापायी टपावर चढून गेला, त्यातली एक ओळ रुपरावांना सांगता येत नव्हती.

"मले नाही मालूम," ते म्हणाले. "मी वाचलंच नाही. ते सांगून राहिली होती, दुकानात. मीच नको म्हटलं."

कृष्णकांतनं मान हलवली. "मलेही सांगत होती," तो म्हणाला. "पुस्तक आणलं त्याच दिवशी. म्हणे, बसा, मी वाचून दाखवते, आपल्या दोघांच्या कामाचं आहे. मी तिले म्हटलं, बंद कर ते, लाज नाही वाटत?"

मग तो तिथंच, भर गर्दीत, सामानावर बसलेल्या बायाबापड्यांसमोर, लहान मुलासारखा हुंदके देऊन रडायला लागला. रुपराव बाजूला उभे होते. त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं त्यांना फार वाटलं, पण कोणत्या तोंडानं ठेवावा हे कळेना, म्हणून ते नुसते उभे राहिले.